दोघी साबिना

किलतेरा गावाच्या आसपास कुणाचं लगीन जुळायचं असलं, की आधी साबिना कॅफर्कीच्या चुलीपाशी यावं लागे. गाई किती, वावर किती, पोरीला काय देणार, ही बोलणी मागाहून. आधी नातं. साबिना मातीची चिलीम पेटवायची, दोन झुरके ओढायची आणि डोळे मिटून विचारायची, “पोरगं कुनाचं?”

एवढं विचारलं, की मागच्या चार पिढ्या तिच्या जिभेवर यायच्या. “ह्येच्या आज्याची भन डोंगरापल्याड दिली व्हती. ती बाळंतपनात गेली. मग नवऱ्यानं दुसरी केली, तिच्या पोटचा ह्यो वंस. तुमच्या पोरीचं आन् ह्येचं रगत कुटंच लागत न्हाई. करा लगीन.”

किंवा मग चिलीम खाली ठेवून, “ह्ये व्हायचं न्हाई,” म्हणायची. मग पोराकडच्यांनी घोडा विकून पोरीच्या बापाला दारू पाजलेली असली तरी लगीन मोडलंच. कारण तिसऱ्या-चौथ्या पिढीत नातं निघालं तरी बिशपाची परवानगी लागे, आणि बिशपाचं टपाल म्हणजे बैलगाडीच्याही मागून येणारं. अक्षरओळख तिला नव्हती. पण सगळा मुलूख तिच्या डोक्यात नांदत होता, मेलेले आणि जिते एकाच बाकावर बसून.

बाई दिसायला काटकुळी, नाकानं धारदार, जिभेनं त्याहून. लगीन होऊन रुआनांच्या घरात आली तरी त्या भागात बायकांचं माहेरचं नाव मरेपर्यंत सुटत नाही, म्हणून ती कॅफर्कीच राहिली. नवरा गेला, घर थोरल्या पोराच्या नावावर झालं, सून आली. सून आल्यावर सासूची खुर्ची चुलीपासून हळूहळू दाराकडं सरकायला लागते. साबिनाचीही सरकली होती. पण तीन वर्षांमागं सरकारनं सत्तरी ओलांडलेल्यांना दर शुक्रवारी पाच शिलिंग पेन्शन सुरू केली आणि साबिनाची खुर्ची एका उडीत पुन्हा चुलीजवळ आली. घरात रोकड आणणारं माणूस ती एकटीच. सून आपण होऊन चहा ओतायला लागली.

आता बघा, त्या पेन्शनीची गंमत. गावच्या गाव एका हिवाळ्यात म्हातारं झालं. जन्माचे दाखले कुणाकडं? मग पेन्शनीचा साहेब विचारायचा, “मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का?” ते वादळ येऊन सत्तर वर्षं झालेली. ज्याला ते आठवतं तो सत्तरीचा. त्यामुळं ज्याचा बाप त्या रात्री बिनलग्नाचा होता, तोही सांगायचा, “साहेब, त्या रात्री मी हातात बटाटा धरून खात व्हतो.” साबिनाचा शेजारी फेस्टस मोनिली तर बटाट्यावर मीठ होतं एवढंसुद्धा सांगून आला.

साबिनानं तसलं काही सांगितलं नाही. तिच्याजवळ पक्का कागद होता. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत वादळाच्या आदल्या साली लिहिलं होतं : साबिना, बाप टॉम कॅफर्की. आधीच्या पाद्रीनं नक्कल करून दिली आणि पेन्शन सुरू.

फक्त ती साबिना ही नव्हे.

टॉम कॅफर्कीची पहिली बायको ऑनर लाव्हेल. तिला झालेली पोरगी ती साबिना. बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, त्यात मायलेकी एका आठवड्यात गेल्या. टॉमनं केट बॅरेटशी दुसरं लगीन केलं. केटला पोरगी झाली, तेव्हा तिकडच्या रीतीप्रमाणं गेलेल्या लेकराचं नाव तिला ठेवलं. तीच आपली साबिना. दुष्काळानंतरच्या सालांत पाद्रीच तापानं गेला होता, तेव्हा वहीची पानं कोरी. दुसरी साबिना कुठंच लिहिलेली नाही. ही खरी गोष्ट साबिनाला आईनं सांगितलेली, आणि तिनं ती पोटात ठेवलेली. मेलेल्या बहिणीचं नाव तर मिळालंच होतं, अकरा वर्षं वयही घेतलं.

त्या साली मात्र हे अंगावर आलं.

साबिनाची धाकटी डिलिया आणि खाडीपल्याडचा कोल्मन गॉहन, ह्यांचं ठरलं. ईस्टरआधीचा बिनमांसाचा उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी लगीन. तिकडं लग्नं व्हायची ती तोवरच. तो मंगळवार चुकला की उपासाचे चाळीस दिवस लगीन नाही, आणि त्यानंतर शेतीची कामं, म्हणजे गेलं वर्ष. लग्नावाचून मागं राहिलेल्यांच्या पाठीवर पोरंटोरं रविवारी खडूनं रेघा मारतात ते वेगळंच. लग्नाच्या जेवणाचा हंस मारून टांगलेला, अंगठी आणलेली, फिडलवाला ठरलेला. आणि गुरुवारी सकाळी नवे धाकटे पाद्री, फादर डेव्हनी, सायकल हातात धरून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन दारात उभे.

“बाई, एक अडचण आहे.”

“या की फादर. अडचन बसून सांगा. चा घ्या.”

फादर बसले, पण चहाला हात लावला नाही. “लग्नाचे कागद करताना दोन्हीकडच्या नोंदी काढल्या. तुमच्या आईचं नाव ऑनर लाव्हेल, डेरीवोनची. कोल्मनच्या वडलांच्या आईचं नाव विनी लाव्हेल, तीही डेरीवोनची. दोघी सख्ख्या बहिणी. म्हणजे कोल्मनचे वडील बार्टली तुमचे मावसभाऊ झाले.”

साबिनाच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली.

“कुनी सांगितलं, माजी आई ऑनर?”

“वहीनं. शेजारी आधीच्या फादरांनी लिहूनही ठेवलंय : पेन्शनीसाठी नक्कल दिली.” फादर जरा घुटमळले. “मला एकच कळेना. तुमच्या लग्नाचा कागदही चर्चच्या कपाटात आहे. त्यात तुमचं वय तेवीस लिहिलंय. वहीप्रमाणं तेव्हा तुम्ही चौतिशीच्या होता.”

“लग्नात कोनती बाई वय खरं सांगती, फादर?”

“आणि डिलिया झाली तेव्हा तुम्ही पन्नाशी ओलांडलेली.”

“देवाची किरपा,” साबिना म्हणाली आणि चहा ओतायला लागली. कप भरून बशीत सांडला तरी तिचं ध्यान नव्हतं.

फादर म्हणाले, “परवानगीला मी आजच लिहितो. पण मंगळवारपर्यंत ती यायची नाही. तुम्ही तर सगळ्या मुलखाची नाती सांगता. काही वाट निघत असेल तर शोधा.”

ते गेले आणि डिलिया गोठ्यातून आली. सगळं ऐकलेलं होतं. हातातली दुधाची बादली तिनं खाली आदळली.

“आये, तू तर म्हनलीस रगत लागत न्हाई!”

“न्हाईच लागत.”

“मंग वही खोटी?”

साबिनानं सुनेच्या पाठीकडं बघितलं. सून पिठात हात घालून उभी, कान मात्र इकडं. “वही खरी हाय,” साबिना म्हणाली, “पन ऑनर आन् विनी भनी न्हाईत. आपुन ते दावून देऊ. चल, शाल घे.”

आता खरं तर मार्ग समोर होता. मी केटची, एवढं म्हटलं की सुटलं. पण तेवढं म्हटलं की शुक्रवार संपला, चहा संपला, खुर्ची दाराशी. म्हणून बाई वाकड्या वाटेनं निघाली. आणि खोटं नाही सांगत, निघाल्यावर तिला मजाच वाटायला लागली. आजवर दुसऱ्याची नाती जोडली, आता एक नातं तोडायचं होतं. पायांत वारं शिरल्यासारखी ती दलदलीतल्या वाटेनं चालली, तरणी डिलिया मागं धापा टाकत.

पहिला गाठला फेस्टस मोनिली. तो दारात बसून टर्फच्या, दलदलीतून कापून सुकवलेल्या जळणाच्या, विटा रचत होता.

“फेस्ट्या, डेरीवोनला ऑनर लाव्हेल कितीजनी व्हत्या?”

“तुला किती पायजेत?”

“दोन.”

“मंग दोन. लिवून दे, अंगठा मारतो. दोघी माज्या डोळ्यांनी बगितल्या. मोठ्या वाऱ्याच्या रात्री...”

“बटाटा खात व्हतास. आरं मुडद्या, त्या रात्री तुजी आई आठ वर्षांची व्हती!”

“हळू बोल की!” फेस्टसनं रस्त्याकडं बघितलं. “ह्ये बग साबे, गंमत सोड. लाव्हेलांचा दगड हाय डेरीवोनच्या जुन्या दफनभूमीत. त्येंच्या बोस्टनच्या पोरानं बसवलेला. दगड खोटं बोलत न्हाई. जाऊन बगा.”

शुक्रवारी पेन्शन घेऊन झाल्यावर मायलेकी डेरीवोनला गेल्या. दगड शेवाळानं आणि समुद्राच्या वाऱ्यानं पांढरा-काळा झालेला. डिलियानं वाळूतला शिंपला उचलला आणि वरून खरवडायला सुरुवात केली. एकेक अक्षर उघडं पडायला लागलं तशी साबिना गुडघ्यावर बसली.

“काय हाय? काय हाय गं?”

“थांब की! ऑ... ऑनर. ऑनर लाव्हेल. मरन...” डिलियाचा आवाज चढला. “आये! दुष्काळ सरल्यावर चार वर्षांनी मेली ही!”

साबिना टुणकन उठली. “बघ! आमची ऑनर दुष्काळात गेली. तवर तर माज्या बापाचं दुसरं लगीन...” तिनं जीभ चावली. “म्हंजी, आमची ती दुष्काळात गेली. ही दुसरी! दोन ऑनर हायतच! फेस्ट्या लबाड बोलून खरं बोलला!”

तिनं शाल वर फेकली आणि डिलियाला धरून थडग्यांमधून गिरकी घेतली. पलीकडं मेंढ्या चरत होत्या, त्यांनीही मान वर केली. डिलिया हसत सुटली, पण तिच्या डोक्यात ते अर्धं वाक्य अडकलं होतं. बापाचं दुसरं लगीन?

“खालची वळ ऱ्हायली,” ती म्हणाली आणि पुन्हा शिंपला चालवायला बसली. शेवाळ निघालं. ती हळूच वाचायला लागली. “टॉम कॅफर्कीची बायको... विनीची भन.”

साबिनानं पडलेली शाल उचलली.

“मंग साल चुकलं त्येचं,” साबिना म्हणाली. “बोस्टनला बसून लिवलं. त्येला काय ठावं कोन कवा मेलं.” दगडही खोटं बोलत होता, आणि नको तिथं खरंही.

डिलिया शिंपला हातात धरून आईकडं बघत राहिली. “आये, ऑनर दुष्काळात गेली. तू लग्नात तेवीस वर्षांची. म्हंजी तू दुष्काळानंतरची. तुजी आई कोन?”

पोरगी शेवटी साबिनाचीच. नातं उलगडायचं तिच्याही रक्तात होतं.

साबिना थडग्याच्या कडेला बसली आणि सगळं सांगितलं. डिलियानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजी तुजी पेन्शन माज्या लग्नाच्या आड आली.”

“तसंच.”

“मी काय मागत न्हाई. तुजं तू बग.” आणि शिंपला समुद्राकडं भिरकावून ती चालायला लागली. तिनं भांडण केलं असतं तर साबिनाला बरं वाटलं असतं.

शनिवारी पापकबुलीचा दिवस. गुडघे टेकून रांगेत असताना साबिनाच्या डोक्यात असा उजेड पडला, की ती तिथंच खुदकन हसली. पाद्रीनं पापकबुलीच्या पेटीत ऐकलेलं कुणाला सांगायचं नसतं! पेन्शनीच्या साहेबाला तर नाहीच. फादरना खरं कळणार, लगीन लागणार, आणि पाच शिलिंग जिथल्या तिथं. ती पेटीत शिरली आणि जाळीला तोंड लावून एका दमात सगळं ओतलं. थोरली साबिना, धाकटी साबिना, ऑनर, केट, सगळं.

जाळीपलीकडं फादर डेव्हनी कण्हल्यासारखे म्हणाले, “बाई, हे तुम्ही इथं का सांगितलंत?”

“तुमी कुनाला सांगू शकत न्हाई म्हनून.”

“मी ते वापरूही शकत नाही! इथून बाहेर पडलो, की मला काहीच माहीत नाही. तुमच्यापुरतंसुद्धा.”

“आता गं बया.”

“आणि ते पैसे घ्यायचं सोडल्याशिवाय माफीही नाही.”

म्हणजे लगीनही गेलं आणि माफीही. रविवारी चर्चच्या दारात तिनं फादरना गाठून डोळा मिचकावला. “मंग फादर, त्या गोष्टीचं?”

“कुठल्या गोष्टीचं?” फादर म्हणाले आणि त्यांचे कान लालभडक झाले.

तेवढ्यात कोल्मनचा बाप बार्टली गॉहन टोपी हातात धरून आला. बोलायला सरळ गडी. “साबिना, माजं घर बाईमानसावाचून पडलंय. मंगळवारी लगीन झालं तर झालं. न्हाईतर पुढच्या साली बॅरेटांच्या पोरीचा इचार करावा लागंल. कोल्मन आयकत न्हाई. रातभर घोड्यापाशी बसून ऱ्हातो. पन मी तरी काय करू?”

साबिनानं त्याच्या खांद्यावरून बघितलं. भिंतीपाशी कोल्मन आणि डिलिया उभी होती, दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, कारण आता ती दोघं नात्यातली. एकमेकांकडं बघतही नव्हती. मागं कुणीतरी पोरगं कुणाच्या तरी पाठीवर मारायला खडू घासून तयार करत होतं.

तिथं सगळं गाव उभं होतं. पेन्शनवाले तर झाडून सगळे.

“फादर,” साबिना मोठ्यानं म्हणाली, “आता आपुन पेटीत न्हाई ना?”

“नाही,” फादर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की लोकांना काही कळेना.

“मंग आयका. समद्यांनीच आयका. मी ऑनर लाव्हेलची पोरगी न्हाई. ऑनरची साबिना दुष्काळात मेली. मी केट बॅरेटची. मागून झाले, तिचं नाव मला घातलं. डिलियाचं आन् कोल्मनचं रगत कुटंच लागत न्हाई, ह्ये मी आदीच सांगितलं व्हतं, आन् साबिना कॅफर्कीनं सांगितलेलं नातं आजवर चुकलेलं न्हाई!”

लोकांची बोटं मोजायला लागली. केटची पोरगी, म्हणजे दुष्काळानंतरची, म्हणजे सत्तरी कुठली? ज्यांची बोटं आधी थांबली ते पेन्शनवाले. फेस्टस पुढं घुसला, तोंड पांढरंफटक.

“साबे, काय केलंस! आता साहेब येनार, वह्या काढनार. तू आमा समद्यांना तरनं करून सोडनार!”

“तुला तरना कोन करतंय, तोंड बग तुजं!”

लोक हसले, पण भ्यालेलं हसू ते. बार्टलीनं मात्र टोपी डोक्यावर घातली आणि पोराकडं वळून एवढंच म्हणाला, “घोडं धुवून घे.” कोल्मननं भिंतीवरून उडी मारली, आणि त्या दोघांतली ती एका माणसाची जागा कुठं गेली ते कुणालाच दिसलं नाही.

फादरनी साबिनाला आत नेलं, शपथेवर लिहून घेतलं, वय तेवीस लिहिलेला लग्नाचा कागद शेजारी लावला. सगळं जुळलं. मग कोरा कागद पुढं ओढून ते थांबले. “पेन्शनीच्या साहेबाला मला कळवावं लागेल.”

“कळवा. पन फादर, बाकीची म्हातारी...”

“बाकीच्यांचं मला कुणी काही सांगितलेलं नाही.” त्यांनी एकच ओळ लिहिली आणि वाचून दाखवली : जिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवर पेन्शन सुरू आहे, ती साबिना कॅफर्की मयत आहे.

“कवा मेली ते न्हाई लिवलं?”

“कळवायला थोडा उशीर झालाय, एवढंच. मयताच्या वह्या कुणी तपासत नाही,” फादर म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली चलाखी असावी, कारण सही त्यांनी दोनदा केली.

मंगळवारी सकाळी लगीन लागलं. दुपारी घरात माणूस मावेना. हंस, डुकराचं खारं मांस, भाकरी, आणि डोंगरात चोरून गाळलेली दारू. सुनेनं साबिनाची खुर्ची कुठं ठेवावी ह्याचा अंदाज घेतला आणि दाराशी नेऊन ठेवली. साबिनानं ती बघितली, पण बसली नाही. बसायला फुरसत कुणाला होती!

फिडल रंगात आलं तेव्हा फेस्टस बशी घेऊन आला. बशीत तंबाखू भरलेल्या मातीच्या चिलमी. लोक थबकले, कारण अशी बशी फिरते ती मयताच्या घरी, मढ्याला जागताना. लग्नात नव्हे.

“ह्ये काय रं?” साबिनानं विचारलं.

“मयत झालंय ना. फादरनी सरकारला कळवलंय.” फेस्टसच्या पोटात दोन घोट जास्तच गेलेले होते. “तुज्या पायी आमी वाचलो. तुजं मयत कोरडं कसं जाऊ द्यायचं?”

सगळे हसले. साबिनाही हसायला लागली आणि मधेच थांबली. दुष्काळात मढ्याला जागायला कुणाच्या अंगात ताकद नव्हती. चिलमी कुठल्या, शवपेटी कुठली. त्या पोरीला कशात गुंडाळून नेली, हेही आई कधी बोलली नव्हती. तिचं नाव घेतलं, तिचं वय घेतलं, तिच्या नावावर तीन वर्षं चहा प्यायला. पण तिच्या मयताची चिलीम कुणी ओढली नव्हती.

“दे हिकडं,” ती म्हणाली. चिलीम उचलताना जे म्हणायचं असतं ते म्हणाली, “मेलेल्यांवर देवाची दया असू दे.” मग बशी तिनं स्वतः फिरवली. डिलियानं घेतली, कोल्मननं घेतली, बार्टलीनं घेतली, फादर ओढत नव्हते तरी त्यांनी घेतली. एकेकजण झुरका ओढून तेच म्हणत गेला.

“सात वरसांनी तुजी खरी सत्तरी यील,” फेस्टस म्हणाला. “तवर काय करनार?”

“पोरांची लग्नं जुळवनार. आन् सात वरसांनी पेन्शनीच्या खिडकीवर जाऊन सांगनार, मी दुसरी.”

मग तिनं चिलीम दातांत धरली, फिडलवाल्याला हातानं ‘चालू दे’ म्हणून खुणावलं, आणि दाराशी ठेवलेली खुर्ची उचलून बाहेर अंगणात ठेवली. आत नाचायला जागा कमी पडत होती.